मार्जारांचा नेत्रदाह : कारणमीमांसा व शुश्रूषा

मांजराचा एक डोळा लाल होतो, त्यातून पाणी वाहू लागते, मांजर तो अर्धवट मिटून बसते आणि मधूनमधून पुढच्या पंजाने चोळते. घरी मांजर पाळणाऱ्यांना हे दृश्य अपरिचित नाही. त्याचा उलगडाही बहुधा तत्काळ केला जातो : धूळ गेली असेल, धूर लागला असेल, वारे बाधले असेल. मग घरातील औषधांच्या डब्यातून मनुष्याच्या डोळ्यांसाठी कधी काळी आणलेली थेंबांची बाटली शोधून काढण्यात येते व तिच्यातील दोन थेंब मांजराच्या डोळ्यात घातले जातात. कित्येकदा दुसऱ्या दिवशी डोळा निवळलेला दिसतो. क्वचित तो आठ दिवसांत पांढुरका होऊन फुटतो. एकाच बाटलीचे असे परस्परविरुद्ध परिणाम का व्हावेत, या प्रश्नाच्या उत्तरात मार्जारनेत्रदाहाची बरीचशी मीमांसा सामावलेली आहे.

नेत्रदाह हे रोगाचे नाव नव्हे, ते एक लक्षण आहे. आणि या लक्षणाची कारणे सर्व प्राण्यांत सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. मनुष्याचे डोळे ॲलर्जीमुळे वारंवार लाल होतात. कुत्र्यात अश्रूंची न्यूनता आणि त्वचेच्या ॲलर्जीची सोबत ही कारणे नित्य आढळतात. मांजराच्या बाबतीत मात्र, विशेषतः ते वयाने लहान असेल तर, प्रथम संसर्गाचाच विचार करावा लागतो. ॲलर्जीचे निदान अन्य शक्यता निकालात निघाल्यावर, तेही काहीशा संकोचाने करावयाचे असते. मनुष्याच्या वा कुत्र्याच्या डोळ्याचे अनुभव मांजरास जसेच्या तसे लागू करण्याची सवय सुशिक्षितांतही इतकी रुळलेली आहे की, या भेदावर थोडा भर देणे अवश्य ठरते.

डोळ्याच्या दर्शनी भागात दोन पृष्ठे विचारात घ्यावयाची असतात. पापण्यांच्या आतील बाजूस व डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जे पातळ, ओलसर आणि रक्तवाहिन्यांनी युक्त असे आवरण पसरलेले असते, ती नेत्रश्लेष्मला होय. बुबुळासमोरचे काचेसारखे पारदर्शक पटल म्हणजे स्वच्छमंडल. नेत्रश्लेष्मला सुजली की डोळा लाल होतो, चिकटतो, वाहतो. परंतु रक्ताचा पुरवठा विपुल असल्यामुळे ती लवकर भरूनही येते. स्वच्छमंडलाची गोष्ट निराळी आहे. मांजरात त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशीच अधिक असते. पारदर्शकता टिकावी म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची टोके मात्र त्याच्या वरच्या थरात दाटीने पसरलेली असतात. म्हणूनच तेथील लहानसा ओरखडाही असह्य होतो आणि तेथे मुरलेला संसर्ग हटविणे कठीण जाते. नुसती नेत्रश्लेष्मला सुजलेले मांजर बेचैन असते, पण डोळा उघडा ठेवते. स्वच्छमंडलावर व्रण असलेले मांजर डोळा घट्ट मिटते आणि उजेड टाळून पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन बसते. अशा वेळी आतल्या कोपऱ्यातून एक फिकट पडदा अर्ध्या बुबुळावर सरकलेला दिसतो व घरची मंडळी ‘डोळ्यावर सारा आला’ म्हणून घाबरतात. तो सारा नव्हे. ती मांजराची तिसरी पापणी असते. वेदनेमुळे नेत्रगोल मागे खेचला गेला की ती आपोआप पुढे येते.

तेव्हा लाल डोळ्यासंबंधी पहिला प्रश्न ‘कोणते औषध घालावे’ हा नसून ‘स्वच्छमंडल अभंग आहे काय’ हा आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहून याचे उत्तर खात्रीने देता येत नाही. आडोल्फ फोन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये तयार केलेले फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य येथे उपयोगी पडते. स्वच्छमंडलाचा वरचा पेशीस्तर स्निग्ध गुणाचा असल्याने पाण्यात विरघळलेले हे द्रव्य आत शिरू शकत नाही. जेथे तो स्तर तुटलेला असेल तेथे खालचा तंतुमय थर ते शोषून घेतो आणि निळ्या प्रकाशात तेवढाच भाग हिरवा चमकू लागतो. परीक्षा काही क्षणांची, खर्च अल्प. ती न करता थेंब लिहून देणे हे कोणत्याही चिकित्सकास शोभण्यासारखे नाही. मात्र या परीक्षेतही एक चकवा आहे. व्रण तंतुमय थर ओलांडून तळाच्या लवचिक पटलापर्यंत पोहोचला असेल, तर ते पटल रंग घेत नाही. हिरव्या कड्याच्या मधोमध स्वच्छ, गडद तळ दिसतो. नवशिक्यास वाटते की मध्यभाग बरा झाला. वस्तुतः तो डोळा फुटण्याच्या बेतात असतो.

संसर्गांपैकी सर्वांत महत्त्वाचा मार्जार-हर्पीस विषाणूचा होय. १९५८ मध्ये क्रँडेल व मॉरर यांनी अमेरिकेत श्वसनविकार जडलेल्या पिलांपासून हा विषाणू प्रथम वेगळा केला. त्यामुळे पुष्कळ काळ त्याची ओळख नाक व श्वासनलिका यांच्या दाहाशी निगडित राहिली. संसर्गानंतर दोन ते सहा दिवसांत पिलास शिंका येऊ लागतात, ताप चढतो, नाक व दोन्ही डोळे वाहतात, खाणे सुटते. गंध न आल्यामुळे मांजर अन्नाला तोंड लावत नाही, ही बाब लक्षात घेतली म्हणजे मऊ, किंचित कोमट व उग्र वासाचे अन्न पुढे करण्याचे कारण कळते. हा विषाणू वरच्या पेशीस्तरात वाढतो व त्या पेशींचा थेट नाश करतो. स्वच्छमंडलावर त्याची वाट झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जाते. अशी शाखायुक्त व्रणरेषा दिसली की निदानाबद्दल शंका उरत नाही. परंतु ती नेहमीच दिसते असे मात्र नाही. अगदी लहान पिलांत नेत्रश्लेष्मलेचा व स्वच्छमंडलाचा पृष्ठस्तर एकाच वेळी सोलला गेला, तर बरे होताना ती दोन्ही पृष्ठे एकमेकांस चिकटतात आणि पापणी बुबुळाशी कायमची जखडली जाते. जन्मतः पिलांचे डोळे मिटलेले असतात व ते साधारणतः ७ ते १४ दिवसांत उघडतात. त्यापूर्वीच मिटल्या पापणीमागे पू साचून ती फुगलेली दिसली, तर डोळा आपोआप उघडण्याची वाट पाहू नये. पशुवैद्याकडून पापण्या हलकेच विलग करून पू धुऊन काढावा लागतो.

पिलू बहुधा दोनतीन आठवड्यांत बरे होते. तथापि विषाणू शरीरातून जात नाही. चेहऱ्यास संवेदना पुरविणाऱ्या पाचव्या मस्तक-मज्जातंतूच्या गुच्छिकेत तो सुप्त स्थितीत वस्ती करतो आणि एकदा बाधा झालेली बहुतेक सर्व मांजरे त्याची आजन्म वाहक होतात. गॅस्केल व पोव्ही यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या सुप्तावस्थेचे वर्तन स्पष्ट केले. बऱ्या झालेल्या मांजरांस नव्या जागी हलविले असता त्यांपैकी काहींत विषाणू पुन्हा बाहेर पडू लागला. पिलांस पाजणाऱ्या मांजरींत हे अधिक वेळा घडले, आणि स्टेरॉइड दिलेल्या मांजरांत त्याहूनही अधिक. ताणाचा प्रसंग आणि विषाणूचे पुनरागमन यांत साधारण एका आठवड्याचे अंतर असते. घर बदलल्यावर किंवा नवे मांजर आणल्यावर आठवड्याने जुन्या मांजराचा एकच डोळा वाहू लागतो, तेव्हा त्या दोन घटनांचा संबंध घरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. दोष दिला जातो तो धुळीला. पाजण्याच्या काळात विषाणू जागा होणे हे तर त्याच्या दृष्टीने अत्यंत सोयीचे आहे. मातेकडून मिळालेले संरक्षण पिलांत जेव्हा ओसरू लागते, नेमक्या त्याच सुमारास माता त्यांना विषाणू चाटवीत असते.

येथे आरंभीच्या बाटलीचे कोडे उलगडते. मनुष्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक नेत्रबिंदूंत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइड दाह शमविते, त्यामुळे लाली झपाट्याने उतरते व औषध लागू पडल्याचा आभास होतो. परंतु तेच द्रव्य व्रणावर नवा पेशीस्तर चढण्यास विलंब लावते, स्थानिक प्रतिकार दुबळा करते, तंतुमय थराचे विघटन करणाऱ्या विकरांस मोकळे रान देते आणि सुप्त हर्पीस विषाणूस जागे करते. स्वच्छमंडल अभंग असेल तर हे सारे निभावून जाते. व्रण असेल तर तो खोल जातो. यावरून स्टेरॉइड मांजराच्या डोळ्यास सर्वथा वर्ज्य आहे असा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. स्वच्छमंडलावर गुलाबी-पांढरट, दह्याच्या कणांसारखे थर चढविणारा एक दाह मांजरात आढळतो. त्या थरांच्या खरवडीत इओसिनरागी रक्तपेशी सापडतात आणि तो स्टेरॉइडने वा सायक्लोस्पोरिनने चांगला आटोक्यात येतो. डोळ्याच्या आतील दाहातही स्टेरॉइडवाचून गत्यंतर नसते. औषध दोषी नाही. परीक्षेवाचून केलेला त्याचा उपयोग दोषी आहे.

संसर्गाचे दुसरे प्रमुख कारण क्लॅमिडिया फेलिस हा जंतू. बेकर यांनी १९४०–५० च्या दशकात न्यूमोनिया झालेल्या मांजरांपासून तो मिळविला, आणि पेशीच्या आतच वाढत असल्यामुळे त्याची गणना प्रथम विषाणूंत झाली. वास्तविक तो जीवाणू आहे आणि फुप्फुसापेक्षा नेत्रश्लेष्मला हेच त्याचे खरे क्षेत्र आहे. आरंभ बहुधा एका डोळ्यात होतो व काही दिवसांनी दुसरा डोळा धरतो. नेत्रश्लेष्मला पाणी भरल्यासारखी इतकी फुगते की बुबुळ तिच्या वळीत बुडून जाते. शिंका अल्प असतात व स्वच्छमंडलावर सहसा व्रण होत नाही, म्हणून लक्षणांवरूनही हर्पीसपासून त्याचा बराचसा विवेक करता येतो. यावर नुसते थेंब पुरे पडत नाहीत, कारण जंतू डोळ्याबाहेरही पसरलेला असतो. डॉक्सिसायक्लीन तोंडावाटे चार आठवडे, आणि घरातील सर्व मांजरांस एकाच वेळी द्यावे लागते. पहिल्या आठवड्यातच डोळे निवळतात, औषध बंद केले जाते, आणि महिन्याभरात रोग परततो. अपयशाचा हा क्रम फार परिचित आहे. या गोळीसंबंधी एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण व पुढे आकुंचन उत्पन्न करते. म्हणून तिच्यामागून पिचकारीने पाच-सहा मिलिलिटर पाणी किंवा थोडे अन्न अवश्य द्यावे. क्लॅमिडिया फेलिसमुळे क्वचित मनुष्याचेही डोळे आल्याची उदाहरणे आहेत. शुश्रूषेनंतर हात धुणे पुरेसे होते. हर्पीसचा मार्जार-विषाणू मनुष्यास बाधत नाही. मायकोप्लाझ्मा व कॅलिसिव्हायरस यांचाही या विकारात थोडा वाटा आहे. कॅलिसिव्हायरसचा भर मात्र तोंडातील व्रणांवर अधिक असतो.

काही मांजरांचा नेत्रदाह त्यांच्या चेहऱ्याच्या घडणीतच असतो, आणि ही घडण निसर्गाची नसून मनुष्याच्या हौसेची आहे. पर्शियन व तत्सम चपट्या तोंडाच्या जातींत खोबणी उथळ झाल्याने डोळे बाहेर डोकावतात, पापण्या पुरत्या मिटत नाहीत, अश्रुनलिकेचा मार्ग वाकडा होतो आणि अश्रू गालावरून ओघळून केसांवर तांबूस डाग पाडतात. खालची पापणी आत वळली की तिचे केस स्वच्छमंडलावर अहोरात्र घासत राहतात. शिवाय या जातींच्या स्वच्छमंडलाची संवेदनशीलता कमी असल्याने व्रण पडूनही मांजर फारशी तक्रार करीत नाही, आणि तो उशिरा लक्षात येतो. दीर्घकाळ चिडलेल्या स्वच्छमंडलाचा एक भाग मृत होऊन तेथे तपकिरी ते काळा खपल्यासारखा ठिपका बनणे हा तर मांजराचा खास विकार आहे. कुत्र्याचा न भरणारा वरवरचा व्रण सुईने जाळीदार ओरखडून बरा करतात. तोच उपाय मांजरावर केला असता हा काळा ठिपका उद्भवण्याचा धोका वाढतो. तेथे तो वर्ज्य मानलेला आहे.

बाह्य कारणांचा विचार त्यामानाने थोडक्यात आटोपता येतो. धूर, उदबत्ती, डासांच्या अगरबत्त्या, शौचपेटीतील मातीची बारीक धूळ यांनी डोळे चुरचुरतात खरे, पण तेव्हा दोन्ही डोळे सारखेच वाहतात, स्राव पाण्यासारखा असतो आणि कारण दूर होताच दाह शमतो. एकच डोळा एकाएकी मिटला गेला असेल तर दुसऱ्या मांजराच्या नखाचा ओरखडा किंवा गवताचे कुसळ यांची शंका घ्यावी. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहण्याबद्दल मराठीत म्हण प्रसिद्ध असली, तरी मांजराच्या डोळ्यातले कुसळ दिसणे सोपे नसते. ते तिसऱ्या पापणीच्या मागे दडते, आणि डोळ्यात बधिरता आणणारे थेंब घालून ती पापणी चिमट्याने उचलल्यावाचून सापडत नाही. चुना डोळ्यात गेल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता डोळा स्वच्छ पाण्याने पंधरावीस मिनिटे धूत राहावे व नंतरच पशुवैद्याकडे निघावे. क्षार आत झिरपत जातो, आम्लाप्रमाणे वरच्यावर थांबत नाही.

बाहुलीचा आकार दोन्ही डोळ्यांत वेगळा दिसणे, बुबुळ निळसर वा गढूळ होणे, आत रक्त दिसणे, वयस्क मांजर अकस्मात वस्तूंवर आपटू लागणे, ही लक्षणे दर्शनी दाहाची नव्हेत. आतील दाह, काचबिंदू, रक्तदाबाची वाढ किंवा सर्वांगीण संसर्ग यांचा शोध तेथे घ्यावा लागतो आणि तो घरी होण्यासारखा नाही.

घरच्या शुश्रूषेचे क्षेत्र मर्यादित आहे, परंतु ते क्षुल्लक नाही. एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून केलेले द्रावण कोमट असताना कापसाचा बोळा त्यात भिजवावा, सुकलेला स्राव प्रथम मऊ होऊ द्यावा आणि मग आतील कोपऱ्यापासून बाहेर असा पुसून घ्यावा. प्रत्येक डोळ्यासाठी बोळा निराळा असावा. पंजाने चोळण्यास प्रतिबंध म्हणून गळ्याभोवती नरसाळ्याच्या आकाराचे कडे बांधावे. मांजर त्यावर रुष्ट होते, पण एका रात्रीच्या चोळण्याने वरवरचा व्रण खोल होऊ शकतो. दूध, मध, गुलाबपाणी, एरंडेल यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. लाली घालविणारे मनुष्याचे नेत्रबिंदू मांजराने चाटले तर नाडी मंदावून ते कोसळू शकते. वेदनेची दया येऊन पॅरासिटामॉल देणे हे तर प्राणघातक आहे, कारण त्या द्रव्याचे निर्विषीकरण करणारी विकरप्रणाली मार्जारकुलात अत्यंत क्षीण असते.

चयापचयाच्या याच वेगळेपणाचा प्रत्यय हर्पीसच्या औषधांतही येतो. मनुष्यास दिले जाणारे व्हॅलॲसायक्लोव्हिर मांजरात अस्थिमज्जा, यकृत व वृक्क यांचा घात करते. फॅमसायक्लोव्हिर सोसते आणि गुणही देते. मात्र त्याचे सक्रिय रूपांतर करणारे यकृतातील विकर मांजरात दुर्बल असल्याने मात्रा वजनाच्या मानाने पुष्कळ मोठी, दर किलोग्रॅमला ९० मिलिग्रॅमपर्यंत, ठेवावी लागते. ती ठरविण्याचे काम पशुवैद्याचे. लायसीन या ॲमिनो अम्लाचा प्रघात मात्र आता सोडून द्यावयास हवा. विषाणूस वाढीसाठी आर्जिनीन लागते व लायसीन त्यास अटकाव करील, असा तो तर्क होता. प्रत्यक्षात २००७ मध्ये मॅग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर केलेल्या चाचणीत लायसीनयुक्त आहार घेणाऱ्यांचाच विकार अधिक तीव्र झाला, आणि २०१५ मध्ये बोल व बुनिक यांनी उपलब्ध पुराव्याचा एकत्र आढावा घेऊन ते निरुपयोगी असल्याचे दाखविले. आर्जिनीन कमी करण्याची कल्पनाच मांजराच्या बाबतीत अविचाराची होती. आर्जिनीनरहित एका जेवणानंतर काही तासांतच मांजराच्या रक्तात अमोनिया साचून ते गंभीर आजारी होते, हे मॉरिस व रॉजर्स यांनी १९७८ मध्येच सिद्ध केले होते. लशीविषयीही अपेक्षा माफक ठेवावी. ती संसर्ग वा सुप्तावस्था टाळीत नाही, रोगाची तीव्रता कमी करते. परंतु सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीनचार आठवड्यांच्या अंतराने ती दिलेल्या पिलांचे डोळे पुष्कळ अंशी वाचतात, हा लाभ लहान नव्हे.

पशुवैद्याने दिलेले थेंब घालताना मांजरास समोरून धरू नये. त्यास आपल्याकडे पाठ करून बसवावे, हनुवटी वर उचलावी आणि हात डोक्यामागून आणून बाटलीचे टोक डोळ्यास न लावता थेंब सोडावा. दोन औषधे असल्यास त्यांत निदान पाच मिनिटांचे अंतर ठेवून मलम शेवटी घालावे. ॲट्रोपीनचे थेंब घातल्यावर मांजराच्या तोंडास फेस येतो तो विषबाधेचा नव्हे. औषध अश्रुनलिकेवाटे घशात उतरते व त्याच्या कडवटपणाने लाळ सुटते. वरवरचा साधा व्रण सामान्यतः आठवड्याच्या आत भरतो. त्या मुदतीने डोळा उघडा व स्वच्छ दिसत असला तरी फ्लुओरेसीनची परीक्षा पुन्हा करून घ्यावी, आणि हिरवा डाग उमटत नाही हे पाहिल्यावरच गळ्यातील कडे काढावे. डाग उमटला, तर औषधाचा जोर वाढविण्यापूर्वी पापणीचा काठ, तिसऱ्या पापणीची मागील बाजू आणि हर्पीस यांचा तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.